दुसऱ्या अंतऱ्यातली जागा

अण्णा, परवा तुमच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम झाला. कोथरूडच्या एका सभागृहात, वातानुकूलित, मागे मोठ्या पडद्यावर तुमचा तो एकुलता एक बरा फोटो, ज्यात तुम्ही पेटीवर हात ठेवून छायाचित्रकाराकडे असे पाहता आहात, की तो आत्ता टाळ्या वाजवील. फोटोला कोणीतरी रंग दिला होता. तुमचा कोट निळा केला होता. तो तपकिरी होता, कोपरावर रफू केलेला, हे सांगू शकणारी त्या सभागृहात मी एकटी होते आणि मला कोणी विचारले नाही. निवेदकाने तुम्हाला भावगीताचे भीष्माचार्य म्हटले. तुम्ही हसला असतात. मी हसले नाही, कारण असल्या विशेषणांवर हसले की ती आणखी येतात.

तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिलेली नाही, आणि तुम्ही असताना तरी कुठे लिहिली होती? आपण एकाच शहरात राहिलो, आणि जे बोलायचे नाही ते न बोलण्याची आपल्या घरात उत्तम सोय होती. आज लिहिते आहे, कारण परवा जे घडले ते सांगण्याजोगे माणूस उरलेले नाही. आई असती तर तिला सांगितले असते. ती म्हणाली असती, ‘दोघंही सारखीच.’ तेव्हा बहुधा तिलाही सांगितले नसते.

गोष्ट तुमच्या त्या निरोपाच्या गाण्याची आहे. तुमची दुसरी कोणती गोष्ट लोकांना ठाऊक तरी आहे? माझ्या जन्माच्या आगेमागे ती तबकडी निघाली आणि बँकेत कारकुनी करणारे तुम्ही तिच्या तीन मिनिटांमुळे घरोघरी पोहोचलात. दुसऱ्या अंतऱ्यात ‘परत’ या शब्दावर सूर लांबत जातो, मध्येच तुटतो, आणि पापणी लवायच्या आत एक स्वर वर उगवतो. गाण्यातल्या अशा नेमक्या, मनात रुतून बसणाऱ्या वळणाला आपण जागा म्हणतो. या जागेला लोक हुंदका म्हणत. ती आली की बायका डोळ्यांना पदर लावीत आणि पुरुष खाकरत. कात्रज अजून निव्वळ खेडे होते, त्या वेळी तिथल्या गणपतीतला तुमचा कार्यक्रम मला आठवतो. मी पुढे सतरंजीवर बसले आहे. तुमचा घसा बसला आहे, म्हणून तुम्ही ती जागा सोडून सरळ पुढे जाता. फेटा बांधलेला एक गृहस्थ उभा राहतो. “ओ मास्तर, त्ये रडं ऱ्हायलं की! आमच्या रेडिओत हाय त्ये.” तुम्ही हात जोडता. “राहिलं खरं. हे घ्या.” पुन्हा अंतरा धरता, बसलेल्या घशातून ती जागा ओढून काढता, आणि तो “आता बराबर हाय,” म्हणून खाली बसतो, जणू मापात कमी पडलेले दूध पुरे भरून मिळाले. त्या दिवशी मी अभिमानाने फुलून गेले होते. आता दिसते ते एवढेच, की तुमच्या गळ्यावर तुमच्यापेक्षा त्याच्या रेडिओचा हक्क अधिक होता, आणि तुम्हाला त्याचे काही वाटत नव्हते.

नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही सकाळी ग्रामोफोनला चावी देत असा आणि तीच तबकडी लावीत असा. सुई उचलून पुन्हा ‘परत’च्या अलीकडे ठेवायची, ऐकायचे, म्हणायचे, मान हलवायची, पुन्हा सुई ठेवायची. स्वतःचीच तबकडी लावून स्वतःचीच नक्कल शिकणारा गायक मी नंतरच्या आयुष्यात पाहिला नाही, आणि गायक मी पुष्कळ पाहिले. तेव्हा मला ती तपश्चर्या वाटे. म्हणूनच नऊदहा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर मी ते गाणे म्हटले, ती जागा मला जमली नाही, मी सूर सरळ नेला आणि तुम्ही पेटी बंद केलीत, ते मला अन्यायाचे वाटले नाही. “ती जागा येत नसेल तर हे गाणं म्हणू नये,” तुम्ही म्हणालात. “लोकांना फसवल्यासारखं होतं.” आई म्हणाली, “अहो, लहान आहे ती.” “ती लहान असेल. गाणं लहान नाही,” तुम्ही म्हणालात आणि पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा हातात धरून माना डोलावल्या. वाक्य चांगले होते. समोर माणसे असली की तुमची सगळीच वाक्ये चांगली होत. माणसे उठून गेली की तुम्ही पंचा घेऊन मोरीकडे जात असा आणि आमच्या वाट्याला ‘मीठ कमी आहे’ एवढे येई.

मी ते गाणे पुन्हा म्हटले नाही. त्याऐवजी त्याचा अभ्यास केला. शास्त्रीय संगीत रीतसर शिकले, एम.ए.ला पहिली आले, तेव्हा तुम्ही मिरजेहून माझ्यासाठी तानपुरा आणलात, स्वतः मांडीवर आडवा धरून, एसटीच्या बाकावर बसून. तो अजून माझ्याजवळ आहे आणि अजून उत्तम बोलतो. तुम्ही मला दिलेल्या वस्तूंत खोट नव्हती, हे नोंदवून ठेवते. पुढे प्रबंधासाठी मी विषय घेतला तो अभिजात गायकीचे सुगम संगीतावरचे संस्कार हा, आणि मुलाखतींसाठी पहिले बसवले ते तुम्हाला. स्वयंपाकघरात. आई पोळ्या लाटते आहे, मी पाटावर कागद घेऊन बसले आहे, आणि मी विचारते आहे, ‘परत’वरची ती जागा कुठून आली? तुम्ही छताकडे पाहिलेत. “आमचे बुवा घेत ती जागा. बेळगावकडे. रोज नाही, पावसाची झड लागली की तेव्हाच. म्हणायचे, ही गळ्याची जागा नव्हे, छातीची. दोघांनाच दिली. दुसरा गेला बिचारा.” आईच्या तव्यावरची पोळी करपली. मी तिच्याकडे रागाने पाहिले, कारण माझे लिहिणे थांबले. तिने ती पोळी स्वतःच्या ताटात टाकली आणि नवा गोळा घेतला.

त्या जागेवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिले. सूर खंडित करून त्याचा भाव अखंड ठेवणारी एक लुप्तप्राय परंपरा, आणि ती भावगीतात आणणारे तुम्ही, तिचे अखेरचे वारसदार. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लिहिले, की या एका प्रकरणासाठीही पदवी द्यावी. प्रबंधाचे पुस्तक झाले. तुम्ही ते उशाशी ठेवलेत, आल्यागेल्याला दाखवलेत, आणि तोंडातून अवाक्षर काढले नाहीत.

मग तो सत्कार. एका रसिक मंडळाने टिळक रस्त्यावरच्या सभागृहात ठेवलेला. माझ्या मांडीवर शाल आणि नारळ. पहिल्या रांगेत माझे मार्गदर्शक, ज्यांच्या तोंडून ‘ठीक’ हा शब्द ऐकायला मी कित्येक वर्षे राबले होते. तुमच्याआधीचे वक्ते फार बोलले आणि वाईट बोलले. मागच्या रांगांतून लोक उठू लागले. तुम्ही उभे राहिलात, ध्वनिक्षेपक आपल्या उंचीला आणलात, उठणाऱ्यांकडे पाहिलेत आणि म्हणालात, “लोकांच्या मुली वाडवडिलांच्या पुण्याईवर मोठ्या होतात. माझी मुलगी माझ्या उचकीवर डॉक्टर झाली.”

उठलेले लोक पुन्हा बसले. तुम्हाला तेवढे पुरे होते, तरी तुम्ही थांबला नाहीत. मुंबईचा स्टुडिओ, तिथे तेव्हा थेट मेणाच्या तबकडीवर गाणे उतरत असे आणि चुकले की ती तबकडी वाया जाई. आधीच्या तबकड्या क्लॅरिनेटवाल्याने नासवल्या. मधल्या वेळात तुम्ही कोपऱ्यावरून मिरचीची भजी मागवलीत. शेवटची तबकडी लागली, आणि ‘परत’वर तुम्हाला उचकी आली. “मी म्हटलं, मेलो. तर आतून कंपनीचा साहेब धावत आला, डोळ्यांत पाणी. ‘वाह! क्या दर्द है!’ आता त्याला काय सांगणार? दर्द कसला, बेसन होतं ते!” लोक मांड्यांवर थापा मारीत होते. “आणि बुवा? अहो, बुवांनी मला वर्षाच्या आत हाकललं. म्हणाले, तुझा आवाज बँकेत चालेल.” मी नारळाची शेंडी धरून बसले होते. माझ्या मार्गदर्शकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निघताना म्हणाले, “आपले वडील फारच विनोदी आहेत.” त्यानंतर त्यांनी माझे नाव कुठल्याही समितीवर सुचवले नाही, कुठल्याही परिसंवादात घेतले नाही. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, कदाचित चष्मा न पुसता.

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारले, की खरे होते ते मला आधी का सांगितले नाही. तुम्ही कोट खुंटीला लावत होतात. “अगं, तू इतकी गंभीरपणे विचारत होतीस. उचकी म्हटलं असतं तर तुझं तोंड उतरलं असतं.”

“आणि आज सभेत का सांगितलंत?”

तुम्ही क्षणभर खरोखर विचार केलात. “सभा थंड पडली होती गं.”

आई आतून म्हणाली, “तिची शोभा केलीत हो आज.” तुम्ही म्हणालात, “हसले ना पण लोक?” मग मी तिच्याकडे वळले, कारण ती करपलेली पोळी मला त्या क्षणी आठवली. तुला ठाऊक होते? ती म्हणाली, “मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल आणि तरी लिहीत असशील. शिकलेली माणसं असं करतात.” त्या घरात माझ्या विद्वत्तेविषयी एवढे प्रामाणिक मत दुसऱ्या कोणी दिले नाही.

अण्णा, चूक कोणाचीही होते. उचकी हा काही गुन्हा नव्हे. तुम्ही तिला परंपरा म्हणालात, तेही मी समजू शकले असते. मुलीपुढे मोठे व्हावेसे बापाला वाटते. जे मला आजतागायत गिळता आले नाही ते हे, की तुमच्यापाशी एक सत्य होते, ते माझ्या कामाचा कणा मोडणारे होते, आणि ते तुम्ही एकांतात मला देऊ शकत असताना उठून जाणाऱ्या दोनतीन रांगांना दिलेत. त्या रांगांतले एकही नाव तुम्हाला ठाऊक नव्हते. आयुष्यभर तुम्ही असेच होतात. तुमच्या पोटी जन्मलेल्यांपेक्षा तिकीट काढून आलेल्यांचा तुम्हाला लळा अधिक.

प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीचा विषय काढला तेव्हा मी नकार दिला. ते प्रकरण गाळून पुस्तक उभे राहत नव्हते आणि ठेवून मला उभे राहता येत नव्हते. पुढची सारी वर्षे मी विद्यार्थ्यांना त्या पुस्तकाचे नावही घेऊ दिले नाही. तुम्ही गेलात, आई गेली, टिळक रस्त्यावर हसलेली माणसेही एकेक करून गेली. मला वाटले, संपले. पण हसलेली माणसे जातात, छापलेली पाने जात नाहीत, हे मला, ग्रंथालयांत आयुष्य काढलेल्या बाईला, कळायला हवे होते.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. बिबवेवाडीहून, दुचाकीवरून, हेल्मेट काखेत घेऊन. दिवसा कुठल्याशा संगणक कंपनीत नोकरी करते आणि शताब्दीच्या कार्यक्रमात तुमचे ते गाणे म्हणणार होती. “मॅम, तो ब्रेक मी परफेक्ट घेतेय ना, एवढंच बघा. मी तो स्लो करून शंभरदा ऐकलाय.” मी म्हटले, “आधी तुमचा ‘ळ’ ऐकू या. तो ‘ल’ झाला आहे.” ती हसली, रागावली नाही, आणि गायली. आवाज पातळ, पण सच्चा. आणि ती जागा, अण्णा, तिने तंतोतंत घेतली. तुटणे, उगवणे, आणि त्यामागोमाग तुम्ही गिळलेला तो आवंढासुद्धा, जो माझ्या विश्लेषणातूनही निसटला होता. तुमचे मिरचीचे भजे त्या मुलीच्या गळ्यात सुखरूप पोहोचले होते. मी म्हटले, “हे कुठे शिकलात?” ती म्हणाली, “तुमच्याच बुकमधून, मॅम! आमच्या सरांनी झेरॉक्स दिलीय त्या चॅप्टरची. छातीची जागा, बुवांची. मी रोज पाऊस इमॅजिन करून प्रॅक्टिस करते.” आणि तिने पिशवीतून ती पाने काढली. समासात पिवळ्या रेघा ओढलेल्या होत्या.

मी तिला तिथेच सांगू शकले असते. समोरासमोर, चहा पिता पिता. मी तिचा ‘ळ’ दुरुस्त केला आणि तिला जाऊ दिले. मग संयोजकांना दूरध्वनी केला, की मला पाच मिनिटे बोलायचे आहे. “अहो मॅडम, आम्ही विचारायला कचरत होतो! त्याच गाण्याच्या आधी ठेवतो आपल्याला.” मी विद्वानाला शोभेल असे निवेदन तयार केले. पूर्वप्रकाशित निष्कर्ष, मौखिक साक्षीची मर्यादा, लेखिकेची जबाबदारी. एकही शब्द जास्त नाही. माझे नाव मला स्वच्छ करून घ्यायचे होते, आणि तुमच्या गाण्याचे काय होईल, याची मला पर्वा नव्हती, असे मी स्वतःला सांगितले.

परवा मी ते वाचायला उभी राहिले. पहिल्या परिच्छेदाला लोकांनी भ्रमणध्वनी बाहेर काढले. दुसऱ्या परिच्छेदाला एका बाईने शेजारणीला, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, विचारले, “वड्याचा स्टॉल खाली आहे की वर?” मी कागद खाली ठेवला. का ठेवला, ते आता तुमच्यापुढे सांगायची गरज नाही. मी म्हटले, “त्या वेळी माझ्या वडिलांना उचकी लागली होती.” भ्रमणध्वनी खाली गेले, मग मी भजी सांगितली, साहेब सांगितला, बेसन सांगितले. सभागृह हसून कोसळले. वड्याचा स्टॉल शोधणारी बाई डोळे पुसत होती. मी माझ्या प्रबंधाचीही थट्टा केली, तीही साधली. कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात होती. पुढचे नाव कोणाचे आहे, ते मला दिसत होते.

ती मुलगी गायला आली. जांभळी पैठणी, केसांत गजरा. दुसरा अंतरा आला आणि सभागृहात आधीच खुसखुस सुरू झाली. तिने ती ऐकली. ‘परत’वर तिने सूर सरळ नेला, कुठेही न तोडता, कडेपर्यंत. कात्रजनंतर एवढ्या वर्षांत ती ओळ मी प्रथमच कोणाच्या तोंडून तशी ऐकली, चालीप्रमाणे, शुद्ध. आणि माझ्या कानांना, ज्यांच्यावर माझा विश्वास आहे, ताबडतोब कळले, की गाणे सामान्य आहे. चाल बेताची, शब्द त्याहून बेताचे. त्या उचकीखेरीज त्यात काही नव्हते, अण्णा. माझे ते प्रकरण चुकीच्या कारणासाठी बरोबर होते. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. ती मुलगी माझ्यासमोरून उतरली, माझ्याकडे न पाहता, विंगेत कोणाला तरी म्हणत होती, “मला आधी सांगितलं असतं तर मी दुसरं गाणं घेतलं असतं ना.” आवाज स्थिर होता. हात मात्र गजरा सोडवत होते, आणि तो सुटत नव्हता.

तिला दूरध्वनी करायला हवा. अजून केलेला नाही. क्रमांक समोर आहे.

हे लिहिलेले मी ठेवणार नाही. माझ्यामागे कोणाच्या हाती लागले तर ते सभेत वाचून दाखवतील आणि चुकीच्या ठिकाणी थांबतील. आजच फाडीन. पण एक राहिले, ते दुसऱ्या कोणाला सांगण्याजोगे नाही. रिक्षात बसले तेव्हा त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. पौड फाट्यापर्यंत नक्की होता. त्यानंतर घरापर्यंत मी मनाशी ते वाक्य पुन्हा जुळवीत होते. ‘उचकी’ हा शब्द मी फार लवकर उच्चारला. तो अगदी शेवटी यायला हवा होता.